घरासाठी सर्ज प्रोटेक्टर : निवड, जोडणी आणि देखभाल

सर्ज प्रोटेक्टरचे काम थोडक्यात सांगायचे तर, तारेतून अचानक आलेल्या जादा विद्युत दाबाला (व्होल्टेजला) उपकरणाऐवजी अर्थिंगकडे जाणारी सोपी वाट करून देणे. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली की निवडीपासून जोडणीपर्यंतचे बहुतेक निर्णय त्याच एका कसोटीवर घासून पाहता येतात : ही वाट आखूड आहे का, सरळ आहे का आणि शेवटपर्यंत पक्की आहे का? उत्तम दर्जाचे मॉड्यूल (बोर्डात बसणारा सर्ज प्रोटेक्टर) आणून ते हातभर लांब, वळसे घेतलेल्या तारेने सैल अर्थिंगला जोडले, तर त्यावरचा खर्च जवळजवळ वाया जातो. याउलट साधेच मॉड्यूल योग्य जागी, वीतभर तारेने आणि घट्ट आवळून बसवले, तर ते वर्षानुवर्षे चोख काम करते.

सर्ज म्हणजे काही मायक्रोसेकंद टिकणारी दाबाची उसळी. जवळपास कुठे वीज कोसळली किंवा वीजवाहिनीवर मोठी स्विचिंग झाली, की ती बाहेरून आत येते. घरातलेच पंप आणि कॉम्प्रेसर बंद-चालू होतानाही लहान उसळ्या निर्माण होतात. प्रोटेक्टरच्या आत बहुधा जस्ताच्या ऑक्साइडची एक चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ बंद असते आणि दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की नॅनोसेकंदांत तिचा रोध कोसळतो. लाट ओसरली की ती पुन्हा पूर्ववत होते, मात्र प्रत्येक मोठ्या लाटेगणिक तिची थोडी झीज होते.

सर्ज प्रोटेक्टर विजेच्या प्रत्येक बिघाडापासून वाचवतो, हा गैरसमज येथेच दूर केला पाहिजे, कारण त्यापायी लोक भलत्याच उपकरणावर विसंबून राहतात. दाब तासन्‌तास कमी-जास्त होत असेल तर ते काम स्टॅबिलायझरचे आहे. शॉर्टसर्किट आणि अतिभार यांसाठी एमसीबी असतो. गळती प्रवाहापासून माणसाचा जीव वाचवण्यासाठी आरसीसीबी असतो. यांपैकी कोणतेही काम सर्ज प्रोटेक्टर करत नाही. तीन फेजच्या पुरवठ्यात मुख्य न्यूट्रल तुटला, तर एखाद्या फेजवरील उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास जाणारा दाब मिळू शकतो, आणि तो दाब काही मायक्रोसेकंद नव्हे तर कोणी मेन स्विच बंद करेपर्यंत राहतो. अशा वेळी व्हॅरिस्टर उपकरणे वाचवू शकत नाही, तो स्वतःच तापत जातो. चांगल्या मॉड्यूलमध्ये त्याला वेळीच वेगळे करणारी उष्णतेवर चालणारी यंत्रणा असते, पण उपकरणांसाठी दाबाची मर्यादा ओलांडताच पुरवठा तोडणारे स्वतंत्र साधन लावावे लागते. जेथे न्यूट्रलची तक्रार वारंवार होते, तेथे मी आधी हे साधन आणि मग सर्ज प्रोटेक्टर असाच क्रम सुचवेन.

कोणत्या प्रकारचे मॉड्यूल घ्यावे

आंतरराष्ट्रीय मानकानुसार, म्हणजे आयईसी ६१६४३-११ नुसार, या साधनांचे तीन प्रकार पडतात. टाइप १ हे प्रत्यक्ष विजेच्या प्रवाहाचा वाटा पेलण्यासाठी असते आणि त्याची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या लांब लाटेने होते. टाइप २ ची चाचणी ८/२० च्या लाटेने होते, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठणाऱ्या आणि विसाव्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर येणाऱ्या प्रवाहाने. टाइप ३ हे उपकरणाच्या अगदी जवळ लावायचे हलके संरक्षण; चांगल्या प्रतीचे सर्ज असलेले एक्स्टेंशन बोर्ड या गटात येतात. इमारतीवर वीजवाहक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा) बसवलेला असेल, तर मुख्य बोर्डात टाइप १ किंवा १ आणि २ एकत्र असलेले मॉड्यूल हवे. वीजवाहक नसलेल्या बहुतेक घरांना मुख्य बोर्डात टाइप २ आणि नाजूक उपकरणांपाशी टाइप ३ अशी जोडी पुरते. फक्त टाइप ३ लावून मुख्य बोर्ड मोकळा ठेवणे मला पटत नाही, कारण मग मोठी लाट घरभर फिरून अखेर सर्वांत दुबळ्या दुव्यापाशी येते.

मॉड्यूलवर छापलेले चार आकडे वाचता आले की विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही. यूसी म्हणजे मॉड्यूल कायमस्वरूपी सहन करू शकेल असा दाब. २३० व्होल्टच्या पुरवठ्याला हा आकडा किमान २५३ हवा आणि प्रत्यक्षात २७५ किंवा ३२० व्होल्टची मॉड्यूल मिळतात. दाब रात्री बराच चढत असेल तर ३२० चे घेणे शहाणपणाचे, कारण कमी यूसीची चकती रोजच थोडी थोडी तापून लवकर निकामी होते. १२० व्होल्टच्या पुरवठ्याची मॉड्यूल वेगळी असतात आणि ती अदलाबदल करून चालत नाहीत. आयएन म्हणजे मॉड्यूल वारंवार पेलू शकेल असा नाममात्र प्रवाह. टाइप २ साठी मुख्य बोर्डात तो किमान ५ किलोअँपिअर लागतो, मात्र १० ते २० किलोअँपिअरचे मॉड्यूल अधिक काळ टिकते. आयमॅक्स हा एकदाच सोसता येण्याजोगा कमाल प्रवाह असतो आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत हाच छापतात, म्हणून त्यावरून तुलना करू नये. सर्वांत महत्त्वाचा आकडा यूपी : लाट आली असता मॉड्यूलच्या टोकांवर उरणारा दाब. २३० व्होल्टच्या घरगुती उपकरणांनी २.५ किलोव्होल्टपर्यंतची क्षणिक लाट सोसावी अशी अपेक्षा असते आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ही मर्यादा १.५ किलोव्होल्टपर्यंत खाली येते, म्हणून यूपी १.५ किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी असावा.

तारेच्या लांबीचा हिशेब

हा भाग मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण घरोघरी बसवलेली कितीतरी मॉड्यूल नेमकी येथेच निष्प्रभ ठरतात. तांब्याची तार नेहमीच्या विजेला अगदी सहज वाट देते, पण वेगाने वाढणाऱ्या प्रवाहाला तिचे प्रेरकत्व विरोध करते, आणि हे प्रेरकत्व साधारणपणे दर मीटरला १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह एका मायक्रोसेकंदात १ किलोअँपिअर इतक्या वेगाने वाढत असेल, तर अशा प्रत्येक मीटरवर जवळजवळ १ किलोव्होल्टचा दाब तयार होतो, आणि हा दाब मॉड्यूलच्या यूपीमध्ये मिळवला जातो.

समजा, मॉड्यूलचा यूपी १.५ किलोव्होल्ट आहे आणि वायरमनने फेजकडून ७० सेंटिमीटर तार आणून मॉड्यूलला जोडली व तेथून ८० सेंटिमीटर तारेने अर्थच्या पट्टीपर्यंत नेली. एकूण दीड मीटर तारेचे दीड किलोव्होल्ट आणि मॉड्यूलचे दीड किलोव्होल्ट मिळून उपकरणापर्यंत ३ किलोव्होल्ट पोहोचतात, म्हणजे २.५ च्या मर्यादेपेक्षा जास्त. याच मॉड्यूलला एकूण ४० सेंटिमीटर तार असती, तर हाच आकडा १.९ वर राहिला असता. म्हणून नियम असा आहे की फेजचा टॅप (तार जेथून फोडली ती जागा) ते मॉड्यूल आणि मॉड्यूल ते अर्थची पट्टी या दोन्ही तारांची बेरीज अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसावी. मॉड्यूलसाठी वेगळा एमसीबी किंवा फ्यूज लावला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारादेखील या बेरजेत धरायच्या.

तार वेटोळे करून ठेवणे हा या नियमाचा सर्वांत ठळक भंग आहे. ‘पुढे कधी लागेल’ म्हणून बोर्डात जादा तार गुंडाळून ठेवण्याची सवय इतर जोडण्यांत चालून जाते, येथे मात्र प्रत्येक गुंडाळी प्रेरकत्व वाढवते. मुख्य अर्थची पट्टी दूर असेल, तर बोर्डातच मॉड्यूलला लागून एक छोटी अर्थ पट्टी बसवावी, मॉड्यूलची अर्थ तार तिला जोडावी आणि घरातील सर्व सर्किटांच्या अर्थ तारा तेथूनच न्याव्यात. मॉड्यूलची टर्मिनले परवानगी देत असतील, तर येणारी फेजची तार थेट मॉड्यूलच्या टर्मिनलला आणून तेथूनच पुढे एमसीबीकडे नेणे हा त्याहून उत्तम उपाय, कारण मग फेजच्या बाजूला फाटा काढणारी तारच राहत नाही.

अर्थिंगविषयी

सर्ज प्रोटेक्टरसाठी वेगळा खड्डा करून स्वतंत्र अर्थिंग द्यावे, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. हा सल्ला धोक्याचा आहे. दोन अर्थिंग जमिनीत वेगवेगळी आणि बोर्डात एकमेकांना न जोडलेली असली, तर ५ किलोअँपिअरचा प्रवाह १० ओहमच्या अर्थिंगमधून जाताना त्या बिंदूचा दाब हिशेबाने ५० किलोव्होल्टपर्यंत चढू शकतो, आणि दुसऱ्या अर्थिंगला जोडलेली उपकरणे मात्र जमिनीच्या मूळ दाबावरच राहतात. ही तफावत शेवटी उपकरणांच्या आत फुटते. घरातील सर्व अर्थिंग एकाच मुख्य पट्टीवर एकत्र आणली असतील, तर सगळे मिळून वर-खाली होतात आणि उपकरणाच्या दोन टोकांमध्ये फारसा फरक पडत नाही. अर्थिंगचा रोध कमी असावा हे खरेच, पण एकत्र जोडणी त्याहून आधी यावी.

मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दिसले, म्हणजे अर्थिंग चांगले आहे असे सिद्ध होत नाही. मीटरला इतका कमी प्रवाह लागतो की गंजलेली, जेमतेम चिकटलेली जोडणीही ‘ठीक’ असल्याचे दिसते. अर्थ टेस्टर किंवा लूप रोध मोजणारे साधन वापरणाऱ्या जाणकाराकडून मोजमाप करून घ्यावे. फेज आणि अर्थ यांमध्ये बल्ब लावून पाहण्याची जुनी पद्धत वापरू नये, तीत धोका आहे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना आपसांत जोडून दिल्या असतील, तर सर्ज प्रोटेक्टरचा विचार बाजूला ठेवून ती जोडणी प्रथम काढावी, कारण न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटला लावलेल्या प्रत्येक धातूच्या आवरणात विद्युत दाब येतो.

प्रत्यक्ष बसवणे

मुख्य बोर्डात काम करणे हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे काम आहे. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूची टर्मिनले जिवंतच राहतात, हे सर्वांत मोठे कारण. पुढील क्रम मी यासाठी देत आहे, की काम चालू असताना घरमालकाला काय बघायचे ते कळावे.

प्रथम पुरवठ्याची पद्धत ओळखावी. घराचे स्वतःचेच, जमिनीत पुरलेले अर्थ इलेक्ट्रोड असून पुरवठादाराकडून अर्थ येत नसेल, तर ती टीटी पद्धत. तेथे मॉड्यूल आरसीसीबीच्या आधी, म्हणजे मेन स्विच आणि आरसीसीबी यांच्या मध्ये, लावावे, आणि ते एका फेजसाठी १+१ किंवा तीन फेजसाठी ३+१ रचनेचे असावे. या रचनेत फेजकडचे व्हॅरिस्टर न्यूट्रलला जोडलेले असतात आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये वायूने भरलेली नळी असते, त्यामुळे चकती बिघडली तरी अर्थिंगमध्ये कायमची गळती सुरू होत नाही. अर्थ पुरवठादाराकडूनच येत असेल आणि न्यूट्रलपासून वेगळी असेल, तर प्रत्येक जिवंत तारेपासून थेट अर्थकडे जाणारी रचनाही चालते. मॉड्यूल आरसीसीबीच्या नंतर लावले, तर प्रत्येक लाटेला आरसीसीबी ट्रिप होण्याचा त्रास होतो. ते टाळता येत नसेल तर विलंबाने उघडणारा एस प्रकारचा आरसीसीबी घ्यावा लागतो.

मेन स्विच बंद करून त्यावर ‘काम चालू’ अशी पाटी लावावी आणि दाब नसल्याची खात्री टेस्टरने नव्हे तर दोन टोकी मापकाने करावी. मापक चालू आहे हे जिवंत तारेवर तपासून मग बंद भागावर लावावे आणि पुन्हा जिवंत तारेवर पाहावे. मॉड्यूल डिन रेलवर (बोर्डातल्या धातूच्या आडव्या पट्टीवर), अर्थच्या पट्टीला जवळ पडेल अशा जागी बसवावे. अर्थची तांब्याची तार टाइप २ साठी किमान ६ चौरस मिलिमीटर आणि टाइप १ साठी १६ चौरस मिलिमीटर असावी. फेज व न्यूट्रलच्या तारांसाठी टाइप २ ला २.५ आणि टाइप १ ला ६ चौरस मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे, पण टाइप २ ला तेथेही ६ ची तार वापरणे मला योग्य वाटते. फेज, न्यूट्रल आणि अर्थच्या तारा एकमेकींना चिकटवून न्याव्यात, मध्ये मोकळे लूप राहू देऊ नये.

टर्मिनलची जोडणी जवळ वाकून पाहावी. बहुतारी वायरला फेरूल (टोकावर चढवायची धातूची छोटी नळी) लावून क्रिंप करावे, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करावे, कारण सुटे तंतू स्क्रूखालून बाहेर निसटतात. उघडा भाग पूर्णपणे टर्मिनलच्या आत गेला पाहिजे आणि इन्सुलेशनचा कडा चिमटीत अडकलेला नसावा. तो अडकला की स्क्रू घट्ट झाल्यासारखा लागतो, पण धातूला धातू नीट टेकत नाही आणि काही महिन्यांनी तेथील प्लॅस्टिक तपकिरी पडते. स्क्रू निर्मात्याच्या पत्रकात दिलेल्या ताकदीनेच आवळून प्रत्येक तार हाताने ओढून बघावी. मॉड्यूलसाठी वेगळा एमसीबी किंवा फ्यूज लागेल का आणि किती अँपिअरचा, हे त्याच्या पत्रकात दिलेले असते आणि तेच पाळावे. असा एमसीबी असल्यास तो ट्रिप झाला तरी घरातली वीज चालूच राहते, पण संरक्षण नाहीसे होते, म्हणून त्यावर ‘सर्ज – बंद करू नये’ अशी ठळक पट्टी चिकटवावी.

पुरवठा चालू केल्यावर मॉड्यूलची स्थिती दाखवणारी छोटी खिडकी हिरवी दिसते का, आरसीसीबीचे टेस्ट बटण काम करते का, हे पाहावे. पुढे कधी वायरिंगची ५०० व्होल्टची इन्सुलेशन चाचणी करायची झाली, तर आधी मॉड्यूलच्या कार्ट्रिज (त्यातले काढता-घालता येणारे भाग) काढून ठेवाव्यात, नाहीतर चाचणीत खोटी गळती दिसते.

उपकरणांपाशी

मुख्य बोर्डापासून १० मीटरहून दूर असलेल्या उपकरणापर्यंत पोहोचेपर्यंत उरलेली लाट तारेत मागे-पुढे होऊन पुन्हा वाढू शकते, म्हणून संगणक, टीव्ही किंवा राउटरपाशी टाइप ३ लावावे. एक्स्टेंशन बोर्ड घेताना ज्यूलच्या आकड्यापेक्षा यूपी पाहावा. ज्यूल म्हणजे आतल्या चकत्यांनी शोषलेल्या ऊर्जेची बेरीज असते आणि ती उपकरणापर्यंत किती दाब पोहोचेल हे सांगत नाही. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही मार्गांवर संरक्षण असावे. ‘स्पाइक गार्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पट्ट्यांत अनेकदा फेज आणि न्यूट्रल यांच्यातली एकच लहान चकती असते. तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या अडॅप्टरमध्ये घातला, की अर्थकडची वाटच बंद होते आणि उरलेले संरक्षण अर्धवट राहते.

टीव्ही, मोडेम आणि राउटर यांना वीज एका बाजूने आणि केबल किंवा टेलिफोनची तार दुसऱ्या बाजूने येते, त्यामुळे विजेची बाजू सांभाळली तरी लाट दुसऱ्या तारेतून शिरते. त्यांच्यासाठी विजेचे आणि सिग्नलचे संरक्षण एकाच डबीत, एकाच अर्थवर असलेले साधन घ्यावे, आणि केबल घरात शिरते तेथे तिचे आवरण मुख्य अर्थ पट्टीला जोडावे. छतावर सौर पॅनेल असतील, तर त्यांच्या डीसी बाजूला वेगळे, डीसीसाठीच बनवलेले मॉड्यूल लागते; एसीचे मॉड्यूल तेथे चालत नाही.

एक्स्टेंशन बोर्डाचा भार मोजून वापरावा : १० अँपिअरच्या पट्टीवर २३० व्होल्टला एकूण २३०० वॉट, त्याहून अधिक नाही. हीटर, गीझर, इस्त्री आणि एअर कंडिशनर थेट भिंतीच्या सॉकेटला लावावेत. एका पट्टीत दुसरी पट्टी घालू नये, वायर गुंडाळून किंवा गालिच्याखाली ठेवू नये. युपीएसच्या आउटपुटला सर्ज असलेली पट्टी लावण्यास अनेक निर्माते मनाई करतात. लावायची असल्यास ती युपीएसच्या आधी, त्याच्या पत्रकात परवानगी असेल तरच.

वादळ जवळ येत असल्याचे दिसले, की महत्त्वाच्या उपकरणांचे प्लग आणि केबल आधीच काढून ठेवाव्यात. जवळच पडलेल्या विजेपुढे टाइप २ पुरेसे ठरेलच असे नाही. विजा डोक्यावर कडाडू लागल्यावर मात्र प्लगला हात लावायला जाऊ नये.

खिडकी लाल झाल्यावर

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर बोर्डाचे दार उघडून खिडकी पाहावी. ती लाल झाली, म्हणजे कार्ट्रिजने आपले काम करून स्वतःला वेगळे केले. घरात सर्व काही नेहमीसारखे चालू असल्यामुळे ही गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही आणि पुढची लाट मोकळ्या घरात शिरते. एक्स्टेंशन बोर्डांतही संरक्षण दाखवणारा दिवा विझल्यावर बहुतेक पट्ट्या वीज देतच राहतात, म्हणून तो दिवा विझताच पट्टी बदलावी. दिवाच नसलेली, तापणारी, गुणगुणणारी किंवा प्लगजवळ डागाळलेली पट्टी वापरातून काढून टाकावी आणि ई-कचऱ्यात द्यावी.

कार्ट्रिज बदलण्याआधी मेन स्विच बंद करावा. नवी कार्ट्रिज जुन्याच निर्मात्याची, त्याच यूसीची आणि त्याच जागेची असावी; न्यूट्रल-अर्थची कार्ट्रिज फेजच्या कार्ट्रिजपेक्षा वेगळी असते आणि चांगल्या मॉड्यूलमध्ये खाचा अशा असतात की ती चुकीच्या जागी बसतच नाही, म्हणून जोर लावून बसवू नये. ती बसवल्यावर मॉड्यूलसाठी लावलेला एमसीबी चालू स्थितीत आहे ना, हे पाहावे, खिडकी हिरवी झाल्याची खात्री करावी आणि बदलल्याची तारीख मार्करने कार्ट्रिजच्या कडेला लिहून ठेवावी.